फाईल येत नाही, काका!

रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. जेवणे आटोपून मी एका अडून बसलेल्या प्रकरणाशी झटत होतो. (कादंबरीच्या प्रकरणाशी. कर्जप्रकरणांशी असलेला माझा संबंध निवृत्तीच्या हारतुऱ्यांबरोबर संपला.) एवढ्यात फोन वाजला. गावाकडून पुतणसून बोलत होती.

‘‘काका, झोपला नव्हता ना? एक विचारायचं होतं. माझी फाईल येत नाही.’’

आमचे मूळ गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मुख्य रस्त्यापासून सात-आठ किलोमीटर आत. पुतण्या तिथेच राहतो. दहा-बारा कलमे आहेत, शिवाय वायरमनची कामे करतो. त्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा पदवीचे शेवटचे वर्ष राहिले होते, ते तिने दोन मुले सांभाळून पुरे केले. तालुक्याच्या गावी एका बालवाडीत पुढच्या वर्षी जागा निघणार आहे. प्रमाणपत्र असेल तर विचार करू, असे तिथल्या बाईंनी सांगितले, म्हणून तिने सहा महिन्यांच्या एका अभ्यासक्रमात नाव घातले. अभ्यासक्रम सगळा ऑनलाइन. वर्ग नाही, फळा नाही, बाई नाहीत. संस्थेच्या संकेतस्थळावर आपापल्या नावाने आत शिरायचे, धड्यांच्या फायली उतरवून घ्यायच्या, वाचायच्या आणि ठरलेल्या तारखेच्या आत गृहपाठ लिहून वर चढवायचा. फी साडेचार हजार रुपये. ती तिने स्वतःच्या शिवणकामातून भरली होती, हे मला नंतर कळले.

‘‘कधीपासून येत नाही?’’

‘‘झाले आठ दिवस. पहिल्या गृहपाठाची तारीख काल रात्री बाराला संपली. दहा मार्क गेले. दुसऱ्याची गुरुवारी आहे. माझंच काहीतरी चुकत असणार, काका. बाकीच्या बायकांना येते म्हणे.’’

या शेवटच्या वाक्यासाठी मी आज हा लेख लिहितो आहे. पण त्याकडे येण्यापूर्वी त्या फायलीचे काय झाले ते सांगायला हवे.

संस्थेला तिने तीनदा लिहिले होते. तीनदा एकच उत्तर आले, तेही बहुधा यंत्रानेच धाडलेले : ब्राऊझरची कॅशे साफ करा आणि पुन्हा प्रयत्न करा. फोन करायला क्रमांक नव्हता. भाचा म्हणाला, मामी, मोबाइल जुना झाला, नवा घे. सासूबाईंनी, म्हणजे माझ्या वहिनींनी, निकाल दिला होता : ‘‘त्या मोबाइलात बघून बघून डोळे जातले तुझे!’’ थोडक्यात, ज्याच्या त्याच्याकडे उपाय होता. रोग काय ते कोणी विचारले नव्हते.

मी १९८१ साली बँकेत लागलो. त्या वेळी सगळा कारभार हाताने चाले. रोज संध्याकाळी लेजरांची बेरीज आणि दिवसाचे पुस्तक यांचा मेळ घालावा लागे, आणि तो पहिल्या फटक्यात बसला असा दिवस सणासारखा वाटे. फरक निघाला की नवखा कारकून घाबरून सगळी बेरीज पुन्हा करायला घेई. आमचे जुने हेडक्लार्क त्याला थांबवीत. म्हणत, आधी फरकाकडे बघ. फरकाला नऊने भाग जातो? मग कोणीतरी आकडे उलटे लिहिलेत. ४७ च्या जागी ७४ लिहिले तर फरक २७ येतो. भाग जात नाही? मग फरकाची निम्मी रक्कम शोध. जमेची नोंद नावे पडली असेल, तर फरक नेमका दुप्पट दिसतो. त्यांचे म्हणणे असे की, चूक ही कधी नुसती चूक नसते, तिला तिचे तोंड असते. ते ओळखता आले की निम्मे काम झाले.

चाळीस वर्षांपूर्वीची ती शिकवणी त्या रात्री फोनवर उपयोगी पडली. ‘फाईल येत नाही’ या तीन शब्दांत निदान पाच वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. दुव्यावर बोट दाबले तरी काहीच घडत नाही, ही एक. फाईल येते पण कुठे गेली ते सापडत नाही, ही दुसरी. अर्धी येऊन अडते, ही तिसरी. पूर्ण येते पण उघडत नाही, ही चौथी. आणि उघडते पण वाचता येत नाही, ही पाचवी. पाचही वेळा माणूस म्हणतो एकच : येत नाही. डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ म्हणावे, तसे हे आहे. खरे असते, पण त्यावर औषध देता येत नाही.

‘‘अगं, बोट दाबल्यावर काय काय होतं, ते क्रमानं सांग. तुला काय वाटतं ते नको. काय दिसतं ते.’’

‘‘वर बाण येतो. मग पूर्ण झालं असं येतं. उघडायला गेलं की म्हणतं, ही फाईल उघडता येत नाही.’’

म्हणजे चौथी तक्रार. ‘‘आता त्या फायलीच्या नावाखाली तिचं वजन लिहिलेलं असेल, केबी किंवा एमबी. ते वाच.’’

‘‘चौदा केबी.’’

‘‘दुसऱ्या धड्याचं?’’

‘‘चौदा.’’

‘‘तिसऱ्याचं?’’

‘‘तेपण चौदाच, काका.’’ क्षणभर थांबून ती म्हणाली, ‘‘सातही चौदा आहेत.’’

आता सात धडे, कोणी दहा पानांचा, कोणी चाळीस पानांचा, सगळे नेमके एकाच वजनाचे कसे असतील? हा आमचा नऊने भाग जाणारा फरक होता. सात वेगवेगळ्या फायली आलेल्याच नव्हत्या. एकच कुठलीतरी गोष्ट सात नावे लावून सात वेळा आली होती. ती काय, ते पाहायला मी तिला एक फाईल माझ्याकडे धाडायला सांगितली आणि संगणकावर साध्या नोटपॅडमध्ये उघडली. प्रत्येक प्रकारच्या फायलीचा आरंभ ठरलेला असतो, हे वाचकांपैकी तरुण मंडळींना ठाऊक असेल. पीडीएफ असेल, तर आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि पुढे ‘पीडीएफ’ ही रोमन अक्षरे असतात. झिप फाईल असेल, तर पहिली दोन अक्षरे ‘पीके’. १९८९ साली तो प्रकार बसवणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरे. या फायलीच्या आरंभी यांपैकी काही नव्हते. कंसांच्या जंजाळात मधेच एक ओळ होती : कृपया आपले नाव आणि पासवर्ड लिहा.

फायलीत धडा नव्हताच. दारावरची पाटी होती. संस्थेच्या सर्व्हरने आतली वस्तू न देता ‘आधी ओळख पटवा’ अशी पाटी दिली होती आणि फोनने ती पाटी, धड्याचे नाव देऊन, इमानाने जपून ठेवली होती.

‘‘तू उतरवतेस कशानं?’’

‘‘ते दुसरं ॲप आहे ना, भाच्यानं घालून दिलेलं. रेंज गेली तरी ते पुढून चालू करतं.’’

झाले! कोडे सुटले.

जुन्या बँकेत चेक वटवायला गेलेल्यांना पितळी बिल्ला आठवत असेल. काउंटरवर चेक द्यायचा, त्याच्या बदल्यात क्रमांक कोरलेला बिल्ला घ्यायचा आणि बाकावर बसायचे. रोखपाल पुकारा करी, बिल्ला पाही आणि मगच पैसे देई. तुम्ही चहाला गेलात आणि शेजाऱ्याला ‘तेवढे माझे पैसे घे’ म्हणून सांगितलेत, तर त्याला कोणी दमडी देत नसे. बिल्ला तुमच्या खिशात! संकेतस्थळांचे हेच आहे. तुम्ही पासवर्ड देऊन आत शिरता तेव्हा सर्व्हर तुमच्या ब्राऊझरच्या हाती एक बिल्ला ठेवतो. त्याला कुकी म्हणतात. नेटस्केप कंपनीत लू माँटुली या तरुणाने १९९४ साली ही युक्ती काढली. पुढे प्रत्येक पान मागताना ब्राऊझर हा बिल्ला दाखवतो. आमच्या सूनबाई ब्राऊझरमधून आत शिरत होत्या आणि फाईल आणायला धाडत होत्या दुसऱ्याच ॲपला. त्याच्याजवळ बिल्ला नव्हता. ते बिचारे रिकाम्या हाताने खिडकीशी जाई आणि पाटी घेऊन परत येई.

यात तिची काय चूक? काहीच नाही. तिने तर शहाणपणा केला होता. कारण तिने ॲप घेतले त्याआधी तिसऱ्या प्रकारची तक्रार होती : फाईल अर्धी येऊन अडत होती. पहिल्या धड्याची फाईल ऐंशी एमबीची निघाली. कागदावरचा हिशेब सांगतो. ऐंशी एमबी म्हणजे ६४० मेगाबिट. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने तिला सुमारे पावणेअकरा मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ धागा तुटता कामा नये. आमच्या घरात रेंज येते ती मागच्या पडवीत, तीही वारा असेल तसा. तुटलेले डाउनलोड पुढून जोडून घेण्याची सोय असते. पण सर्व्हरने तिला संमती दिलेली असावी लागते. नसेल तर साठ एमबीवर तुटले तरी पुन्हा श्रीगणेशा.

मी हे समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘काका, असं करते, मी तुम्हाला माझा पासवर्ड देते. तुमच्याकडे नेट चांगलं आहे. तुम्हीच उतरवून ठेवा, जमेल तसे धाडा.’’

मी नाही म्हणालो. बँकेतल्या माणसाच्या अंगात ते मुरलेले असते. पासवर्ड कोणाला द्यायचा नाही, अगदी काकालाही नाही; आज सवय लागली की उद्या कुणी गोड आवाजाचा परका माणूस मागेल, त्यालाही देशील. ती ‘बरं’ म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र सौ. माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. ‘‘नियम बरोबर आहे तुमचा,’’ ती म्हणाली, ‘‘पण आता रेंज कुठून आणणार ती पोर?’’

रेंज तिने आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ती सड्यावर गेली. आमच्याकडचा सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचे जांभ्या दगडाचे उघडे माळरान. तिथे झाड नाही, झुडूप नाही. म्हणून रेंज आहे. २०२० साली टाळेबंदीत कोकणातली मुले डोंगरावर खोपी बांधून अभ्यास करतानाची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली आणि हळहळलो. तो सडा अजून तिथेच आहे. ब्राऊझरमधून आत शिरून, त्याच ब्राऊझरने, वाऱ्यात पदर सावरीत, तिने दोन धडे उतरवले. साडेसहाला मला निरोप आला : ‘आली. ८० एमबी. उघडली.’ मुलांच्या शाळेचे डबे करायला ती सातच्या आत घरी परतली होती.

मग तिने मला त्यातली दोन पाने दाखवली. मी कपाळाला हात लावला. धडा टाइप केलेला नव्हता. कुणीतरी छापील पुस्तिकेच्या पानांचे रंगीत फोटो काढून त्यांची मोट बांधली होती. काळ्या अक्षरांच्या पांढऱ्या पानांना रंग कशाला? ए-फोर आकाराचे एक पान इंचाला तीनशे ठिपके या हिशेबाने रंगीत घेतले, तर न दाबता त्याचे ओझे सव्वीस एमबीच्या आसपास होते. तेच काळे-पांढरे घेतले, तर एक एमबीच्या थोडे वर. तोच चाळीस पानांचा मजकूर मराठीत सरळ टाइप केला असता, तर दोन-अडीचशे केबीत मावला असता, म्हणजे आजच्या तीनशेव्या हिश्शात. पडवीत बसून, चहा उकळेपर्यंत तो उतरला असता. कुणाच्या तरी एका दुपारच्या आळसाची किंमत गावोगावच्या बायका पहाटे सड्यावर जाऊन मोजत होत्या.

मला यंत्रांचा राग नाही, हे इथेच सांगतो. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि बँकांच्या यांत्रिकीकरणाचे वारे सुरू झाले, तेव्हा आमच्यातले कित्येक जण धास्तावले होते. मी कुतूहलाने पुढे झालो, शिकलो. घरबसल्या शिक्षणाचाही मी चाहता आहे. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले नसते, तर नोकरी-संसार सांभाळून पदवीधर झालेले माझे कित्येक सहकारी कारकून म्हणूनच निवृत्त झाले असते. मार्टिन डुजियामस या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने ‘मूडल’ ही शिकवण्याची प्रणाली २००२ साली जगाला फुकट वापरायला दिली. तिच्यातला फायली ठेवण्याचा प्रकार तर मला बँकेतल्या नमुना-सहीच्या कार्डासारखा वाटतो. फाईल तिच्या नावाने ठेवत नाहीत. आतल्या मजकुरावरून गणित करून एक लांबलचक खूण काढतात आणि त्या खुणेने ठेवतात. एकच फाईल दहा शिक्षकांनी दहा नावांनी चढवली, तरी आत एकच प्रत राहते. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ २०१७ पासून चालू आहे. या सगळ्यामागे मोठी बुद्धी आणि चांगला हेतू आहे. आमच्या सूनबाईंची संस्था यांतली कोणती प्रणाली वापरते हे मी मुद्दाम विचारले नाही. कारण दोष प्रणालीचा नव्हता. तीत ऐंशी एमबीचे गाठोडे टाकणाऱ्या आणि दाराशी माणूस न ठेवणाऱ्याचा होता.

आणि आता ते वाक्य. ‘‘माझंच काहीतरी चुकत असणार.’’

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. साल १९९३. एका तालुक्याच्या गावी मी अधिकारी होतो आणि आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रे नुकतीच बसली होती. एके दिवशी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. म्हणाले, साहेब, या महिन्याचे पेन्शन जमा दिसत नाही. मी यंत्रात पाहिले. नव्हते. म्हटले, ‘‘गुरुजी, कॉम्प्युटरमध्ये नाही. ट्रेझरीतून आलंच नसेल. तिकडे विचारा.’’ ते क्षणभर उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘बरोबर आहे. कॉम्प्युटर कसा चुकेल? माझाच काही कागद द्यायचा राहिला असेल.’’ आणि वीस किलोमीटरवरच्या आपल्या गावी एसटीने परत गेले. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आले. पुन्हा माझ्यापुढे उभे राहिले, तेव्हा मी लाजेकाजेस्तव कागद काढून पाहिले. पेन्शन वेळेवर आले होते. १४३६ क्रमांकाच्या खात्याऐवजी आमच्या माणसाने ते १४६३ वर जमा केले होते. तळपट जुळलेलेच होते. कारण रक्कम बरोबर होती, खाते तेवढे चुकले होते. पैसे जमा करून मी त्यांना चहा पाजला. माफी मागितली नाही. तेव्हा ते सुचलेच नाही. ‘‘कॉम्प्युटरचा घोटाळा झाला होता’’ असे म्हणालो. घोटाळा कॉम्प्युटरचा नव्हता. तो आमचा होता, आणि पहिल्या दिवशी कागद न पाहण्याचा तर निव्वळ माझा होता.

तीस वर्षांनी माझ्याच घरातली एक मुलगी तेच वाक्य बोलली, तेव्हा मला त्या गुरुजींची कापडी पिशवी आठवली. यंत्र आले की चूक आपली वाटू लागते, हे आपल्याकडच्या साध्या, भल्या माणसांच्या मनात इतके खोल का रुजले असावे? मला वाटते, कारण खिडकीमागे बसलेल्या आमच्यासारख्यांनी ते रुजवले. ‘कॉम्प्युटर म्हणतो’ असे म्हणून आम्ही हात झटकले. आज खिडकीही नाही. ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढी पाटी आहे आणि पाटीशी भांडता येत नाही. माणूस आठ दिवस प्रयत्न करतो, नवव्या दिवशी ‘हे आपल्यासारख्यांसाठी नाही’ असे म्हणून उठतो. अभ्यासक्रम अर्धवट सोडणाऱ्यांची मोजदाद होत असेल तेव्हा अशी माणसे आळशी किंवा निरुत्साही या रकान्यात पडत असतील. त्यांना धडा कठीण गेला नव्हता; धडा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

मग करायचे काय? शिकणाऱ्यांना आधी सांगतो. तुमच्या घरातही कोणीतरी अशी फाईल घेऊन येईल, तेव्हा पाच तक्रारींपैकी कोणती ते आधी ठरवा. काहीच घडत नसेल, तर तोच दुवा दुसऱ्या ब्राऊझरमध्ये उघडून पाहा. संस्थेचे पान सुरक्षित आणि फायलीचा दुवा मात्र जुन्या असुरक्षित पत्त्याचा, असे असेल तर क्रोमसारखे ब्राऊझर २०२० पासून अशी डाउनलोड अडवू लागले आहेत. ही चूक संस्थेची, तिला कळवा. फाईल सापडत नसेल, तर फोनमधला ‘डाउनलोड’ हा कप्पा पाहा. निम्म्या हरवलेल्या फायली तिथे सुखरूप असतात, एकेकीच्या चार-चार प्रती. अर्धी येत असेल, तर फोनमध्ये जागा आहे का आणि रेंज टिकते का, ते बघा. उघडत नसेल, तर वजन पाहा. भलतेच कमी किंवा सगळ्यांचे सारखे असेल, तर ती दारावरची पाटी आहे. बाहेर पडून पुन्हा आत शिरा आणि त्याच ब्राऊझरने घ्या. उघडते पण अक्षरांचे भेंडोळे दिसते, असे असेल तर मजकूर बहुधा युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टात आहे. माझ्या पहिल्या कादंबरीच्या फायली आज मलाच वाचता येत नाहीत, त्या याच कारणाने. आणि संस्थेला लिहाल तेव्हा ‘येत नाही’ एवढेच लिहू नका. कोणता धडा, कोणता फोन, किती वाजता, पडद्यावर शब्दशः काय आले, ते लिहा. पडद्याचे छायाचित्र जोडा. नीट लिहिलेल्या तक्रारीला ठोकळेबाज उत्तर देणे समोरच्यालाही जड जाते, हा माझा काउंटरमागचा अनुभव आहे.

आणि संस्थाचालकांना हात जोडून चार गोष्टी. प्रत्येक फायलीशेजारी तिचे वजन छापा. भाजीवालाही छापील भाव नसला तरी तोंडी सांगतो. धडे टाइप करून द्या. फोटोच द्यायचे तर काळे-पांढरे द्या. फायलींची नावे आटोपशीर ठेवा. अँड्रॉइड फोनमध्ये एका नावाला साधारण २५५ बाइटांची मर्यादा असते आणि आपल्या देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा वेगळी धरून, तीन बाइट खाते. म्हणजे ८५ चिन्हांत नाव आटपायला हवे. अभ्यासक्रम, घटक, उपघटक आणि लेखकाची पदवी हे सगळे नावात कोंबले की फाईल वाटेतच अडखळते. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : एक माणूस ठेवा. दिवसातून दोन तास का होईना, फोन उचलणारा, आणि ‘काय दिसतं ते सांगा’ असे विचारणारा. साडेचार हजार रुपये घेतल्यावर एवढे मागणे अवाजवी नाही. आणि आपल्या बाजूने धडा पोचला नसेल, तर मुदत वाढवून द्या. सूनबाईंचे ते दहा गुण अजून परत मिळालेले नाहीत. तिने माझ्या सांगण्यावरून सविस्तर पत्र लिहिले आहे, चौदा केबीच्या सात ओळींसकट.

दुसरा गृहपाठ तिने गुरुवारी रात्री अकराच्या सुमारास चढवला. परवा पुन्हा फोन आला. मी धास्तावून विचारले, ‘‘काय गं, पुन्हा फाईल?’’

‘‘नाही, काका. आमच्या गटातल्या एका बाईंची येत नव्हती. मी त्यांना विचारलं, वजन किती दिसतं? चौदा केबी! मग सांगितलं सगळं. त्यांची आली.’’ आणि मग जराशा वेगळ्या आवाजात, ‘‘त्यासुद्धा म्हणत होत्या, माझंच काहीतरी चुकत असेल म्हणून. मी म्हटलं, बाई, तुमचं काही चुकलेलं नाही.’’

हे वाक्य १९९३ साली मी त्या गुरुजींना म्हणायला हवे होते. ते मला सुचले नाही. पुतणसुनेला सुचले. बालवाडीतली ती जागा तिला मिळेल न मिळेल; मुलांना ती चांगले शिकवील याविषयी मला शंका उरलेली नाही.